जीपच्या पाठीवरची ओळ

माझा धाकटा भाऊ दसऱ्याच्या दिवशी घरात थांबत नसे. केडगावातील आमच्या गल्लीत त्या सकाळी मोटारसायकली, टेम्पो, एखादा ट्रॅक्टर अशी सारी वाहने धुऊन पुसून ओळीने उभी राहत आणि झेंडूच्या हारांनी मढून जात. हा मात्र उजाडण्याआधी पिशवी काखेला लावून देवळात जाई आणि दिवेलागणीला परते. का जातोस, हे त्याला आम्ही कोणी विचारले नाही. उत्तर सर्वांना ठाऊक होते.

उभी हयात त्याने राजूर ते भंडारदरा या रस्त्यावर प्रवासी जीप चालवली. आमच्या घराण्यात पौरोहित्य आणि अध्यापन यांखेरीज तिसरा व्यवसाय कोणी केला नव्हता. मी पाठशाळेत शिकलो, पुढे नगरला संस्कृत शिकवू लागलो. तो पाठशाळेच्या पहिल्याच पावसाळ्यात परत आला आणि घाटात उभ्या असलेल्या एका बंद पडलेल्या जीपखाली शिरला. वडिलांनी त्याला तेथून बाहेर काढले, पण ते केवळ देहाने. मन तिथेच राहिले. पुढे काचबिंदूने त्याचे डोळे धरले, समोरचे दिसे पण बाजूचे दिसेना, परवान्याचे नूतनीकरण झाले नाही आणि जीप भंगारात गेली. तेव्हापासून तो आमच्याकडे राहतो. ओसरीवर बसून पुणे रस्त्यावरून जाणारे प्रत्येक वाहन तो आवाजावरून ओळखतो. क्लच दाबून धरण्याची खोड असलेल्या चालकाबद्दल त्याला वाटणारी हळहळ मी रोज ऐकतो.

त्याची मुलगी, माझी पुतणी, पुण्यात नोकरीला आहे. गेल्या श्रावणात तिने एक खोके आणले. आत हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी जीप होती. चारही चाकांना ओढ असलेली, दगडांवरून चढणारी, दार उघडणारी, मागे छोटीशी स्टेपनी अडकवलेली. अंग मात्र कोरे पांढरे. भावाने ती हातात घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली. वैद्य रोग्याची जीभ आधी पाहतो, तसे त्याने तिचे पोट पाहिले. अॅक्सल, स्प्रिंगा, गिअरची पेटी सारे निरखून तिला सरळ ठेवले.

"मशीन चांगलं हाय," तो म्हणाला. "पण ही कुणाचीबी जीप हाय."

"मग तुमची करू," पुतणी म्हणाली. "रंग, पट्टे, पाटी, अक्षरं, सगळं तुमच्या जीपसारखं. स्टिकर लावले की झालं. आणि यंदा दसऱ्याला तुम्ही देवळात जायचं नाही, हिची पूजा करायची."

तो बराच वेळ चाक फिरवत राहिला. मग म्हणाला, "माझी वाटली तर हार घालीन. नसता खेळण्याला हार घालून माझं हसं करू नका."

इतक्या साध्या शब्दांत अट ठरली आणि ती पुरी करण्याचे काम, काका घरीच असतात या न्यायाने, माझ्याकडे आले.

प्रथम माझ्याच मनात एक शंका उभी राहिली. खेळण्याची पूजा करावी की नाही? मी ग्रंथ उघडले नाहीत, कारण उत्तर आमच्या अंगणातच मिळाले. पोळ्याला ज्याच्या दावणीला बैल नाही तो मातीचे बैल आणतो आणि त्यांनाच पुरणपोळी दाखवतो. त्या मातीच्या बैलांना कोणी खेळणे म्हणत नाही. आम्ही सुपारीत गणपती पाहतो, कलशात नद्या पाहतो. ज्याची जीप गेली त्याने हातभर जीपमध्ये ती पाहिली तर त्यात वावगे काय? मी हे भावाला समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, बैल मातीचा असला तरी बैलासारखा दिसतो. म्हणून तर."

म्हणजे सारा भार स्टिकरांवर आला.

पुतणीने पुण्याहून तयार स्टिकरांचे दोन-तीन ताव पाठवले. अशा छोट्या गाड्यांचा छंद असलेल्या लोकांसाठी ते मुद्दाम छापलेले मिळतात. त्यांत आगीच्या ज्वाळा होत्या, दात विचकणारे लांडगे होते, परदेशी तेलांच्या जाहिराती होत्या. भावाने ज्वाळांचा ताव डोळ्यांजवळ धरला आणि शांतपणे विचारले की, पेटलेल्या जीपमध्ये कोण पॅसेंजर बसणार. लांडगाही त्याला मान्य नव्हता, अकोले तालुक्याच्या डोंगरात लांडगा शोभेसाठी कोणी लावत नाही. मी देवीचे एक लहान चित्र सुचवले, पण लगेच माझे मलाच ते बरे वाटेना. ही जीप चिखलातून जाणार, उलटणार, देवीच्या मुखावर माती उडणार. भाऊ म्हणाला, माझ्या जीपमध्येही देव आतच होता, काचेच्या मागे. म्हणून तिथे आत एक तांदळाएवढे चित्र लावले आणि तो विषय संपला.

त्याच्या जुन्या जीपचे एकच छायाचित्र उरले होते. कुठल्याशा दसऱ्याचे, हार घातलेले, समोरून काढलेले. चालकाच्या जागी भाऊ, शेजारी मी. मी जेव्हा जेव्हा गावी गेलो तेव्हा तेव्हा त्याने मला पुढच्या आसनावरच बसवले. कितीही गर्दी असो, पुढची जागा दादांची. त्या चित्रामुळे समोरचा भाग सोपा झाला. बॉनेटवरचा हिरवा पट्टा, काचेवरची 'राजूर – भंडारदरा' ही पाटी, क्रमांक, डाव्या मडगार्डवरचा ओरखडा, सारे दिसत होते. ओरखडासुद्धा स्टिकर करून लावा, असा भावाचा आग्रह होता. तो एका बैलगाडीच्या दांडीचा होता आणि त्याला त्याचा अभिमान होता.

मागची बाजू मात्र कोणत्याच चित्रात नव्हती. आपल्याकडे वाहनाचे चित्र पाठीमागून कोण काढतो? आणि मागेच ती ओळ होती, जी मी स्वतः लिहिली होती.

ते लिहिणे मला चांगले आठवते. भावाने जीप घेतली त्या वर्षी दसऱ्याला मी गावी गेलो होतो. मागच्या पत्र्यावर काही तरी लिहून दे, असे त्याने म्हटले. मी एक दीर्घ संस्कृत आशीर्वचन मनात रचले आणि त्याला म्हणून दाखवले. त्याने हात जोडले. "दादा, मागचा ट्रकवाला हे वाचून होईस्तोवर येऊन आदळंल." मग दोघांनी मिळून मराठीत ओळ ठरवली: 'सावकाश या, सुखरूप जा'. मागून येणाऱ्यालाही लागू, उतरणाऱ्यालाही लागू.

जीप आमच्या गावच्या घरापुढच्या अंगणात आडवी उभी होती. डोंगरातले अंगण ते, एका अंगाला उतरतेच. शेजारी भिंतीचे काम चालू होते, तिथल्या गवंड्याकडून मी ओळंबा आणि गुण्या मागून आणला. देवनागरीची शिरोरेषा ही अक्षरांचे आढे आहे, ते तिरके गेले की घर पडले, असे आमचे गुरुजी बजावत. मी ओळंबा सोडला, दोरीच्या टोकाचे वजन थेट जमिनीकडे लोंबले, गुण्याने त्याच्याशी काटकोन धरून दोरा ताणला, खडूने रेघ आखली आणि कुंचल्याने लाल रंगात ओळ लिहिली. पत्र्याची कड आणि माझी रेघ जुळत नव्हती. ठोकर लागून पत्रा वाकला असावा, असे मी ताडले. पत्रा वाकडा असला म्हणून अक्षर का वाकडे असावे? रंग वाळेपर्यंत भाऊ माझ्याजवळ उभा होता. त्याने माझ्या पाया पडून जीप स्टँडवर नेली. हे काम मी निर्दोष केले, असे मला पुढे सदैव वाटत आले.

तेव्हा आता तीच ओळ बोटभर लांबीत उतरवायची होती. मी बोरू काढला. वय झाले तरी हात अजून स्थिर आहे, ही देवाची कृपा. मोठ्या कागदावर ओळ लिहिली आणि ती घेऊन रस्त्यावरच्या रेडियमच्या दुकानात गेलो. आमच्याकडे वाहनांवरची अक्षरे, क्रमांकाच्या पाट्या, काचेवरची नावे सारे हे रेडियमवालेच करतात. रंगीत चिकट कागदावर यंत्राची सुरी अक्षरे कापते, मग नको तो भाग चिमट्याने सोलून काढायचा. दुकानदार भला माणूस. त्याने माझी ओळ संगणकात घेतली आणि लहान करत करत कापून पाहिली. पण इतक्या बारीक आकारात कागद सोलताना 'सुखरूप'चे दोन्ही उकार अक्षरांना सोडून निघून येत. पुन्हा कापले, पुन्हा निघाले. "काका, ट्रकची अक्षरं सांगा, हत्तीएवढी करून देतो," तो म्हणाला. "हे मुंगीचं काम आहे." त्याने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

पुतणीला हे फोनवर सांगितले. तिने दुसरा मार्ग काढला. लहानपणी आम्ही पाण्यात भिजवून पाटीवर उतरवायची चित्रे लावत असू. कागद भिजला की वरचे पातळ चित्र सुटे होऊन सरकते, हव्या त्या जागी बसवायचे आणि वाळू द्यायचे. तशाच जातीचा कोरा कागद मिळतो, त्यावर आपल्याला हवे ते छापता येते. तिने तो आणला. माझ्या ओळीचे मोबाईलने चित्र काढले, संगणकावर लहान केले आणि झेरॉक्सच्या दुकानातून त्या कागदावर छापून घेतले. पट्टा, पाटी, ओरखडा हेही त्यावरच.

ते लावण्याचे काम मला फार आवडले. हे मी संकोच न करता लिहितो. वाटीत कोमट पाणी घ्यायचे. नखे कापायच्या कात्रीने चित्र कापून पाण्यात सोडायचे. थोड्या वेळाने बोटाने हळूच ढकलले की अक्षरे कागदावरून निसटतात, जणू देह आणि वस्त्र यांची गाठ सुटली. मग ओल्या कुंचल्याने जीपच्या अंगावर सरकवून जागेवर न्यायचे आणि जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने पाणी टिपायचे. घाई केली की फाटते. पूजेत मूर्तीला गंध लावताना जशी बोटे आपोआप मंदावतात, तशी इथेही मंदावत. पत्नी एकदा जाता जाता म्हणाली, "पंचाहत्तरीला आलात आणि बाहुलीचं लग्न लावताय." पण नंतर तिनेच चष्मा लावून काचेवरची पाटी बसवली, कारण तिची बोटे माझ्याहून बारीक आहेत.

पट्टा बसला. पाटी बसली. ओरखडा बसला, तेव्हा भावाने अंगठ्याने तो चाचपून पाहिला आणि बैलगाडीवाल्याची आठवण काढली. आता ओळ राहिली.

पहिली ओळ मी पत्र्याच्या कडेशी समांतर, केसाचाही फरक न ठेवता बसवली. भाऊ आला. जीप डोळ्यांसमोर धरून त्याने ती बराच वेळ पाहिली.

"अक्षर झकास हाय, दादा."

"पण?"

"पण काय न्हाई. झकास हाय."

त्याच्या 'झकास'मध्ये जीव नव्हता. मला वाटले, अक्षराची जाडी चुकली. पुन्हा बोरू घेतला, जाड टाकाने लिहिले. पुतणीने पुन्हा छापून पाठवले. पहिले काढून दुसरे लावले. तेही झकास होते. मग रंग थोडा उतरवला, कारण उन्हाने लाल फिका पडला असेल. मग दोन शब्दांमधले अंतर कमी केले. प्रत्येक वेळी तो येई, पाही, माझ्या अक्षराची स्तुती करी आणि ओसरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसे. पुतणीने एकदा त्याला फोनवर स्पष्टच विचारले की बाबा, नेमके काय चुकते ते सांगा. तो तिला म्हणाला, "चुकतंय असं न्हाई गं. तू त्यांना उगा त्रास देऊ नको." मी शेजारीच होतो. माझ्या भावाने माझ्यापासून काही लपवले आहे असे मला तेव्हा वाटले नाही. मला वाटले, गेलेली वस्तू कशीच परत येत नाही, आणि ते सांगण्याचे धैर्य त्याला होत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटची ओळ बसवली. सरळ, स्वच्छ. पुतणीने फोनवर एकच सूचना दिली होती: या चित्रांवर शेवटी वार्निशचा फवारा मारावा लागतो, तो मी उद्या दुपारी घेऊन येते, तोवर जीपला पाणी लावू नका. मी बरे म्हटले. संध्याकाळी पाहतो तो भावाची पिशवी खुंटीवरून उतरून दाराशी आली होती.

सकाळी तो चपला घालत असताना पत्नीने त्याला अडवले. "भाऊजी, तुमच्या दादांनी महिनाभर डोळे फोडलेत. हार नका घालू, पण पूजा तरी उभं राहून बघा." वहिनीचा शब्द त्याने कधी मोडला नाही. तो पिशवी काखेतच ठेवून दाराशी उभा राहिला.

मी अंगणात पाट मांडला, रांगोळी काढली, तांदळावर जीप ठेवली. शेजारी सुपारीचा गणपती. माझे बोट बॉनेटवर फार मोठे होई, म्हणून काडेपेटीतल्या काडीने कुंकवाचे स्वस्तिक काढले. हारासाठी झेंडूचे एक फूलही जीपला जड होते, तेव्हा पत्नीने पाकळ्या दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या. तो हार तबकात तसाच राहिला, तो घालण्याचा अधिकार माझा नव्हता. चाकांखाली लिंबे ठेवली तर जीप डगमगू लागली, मग लिंबांच्या फोडी केल्या. इतके होईपर्यंत भावाच्या चेहऱ्यावर किंचित हसू आले होते, पण पिशवी खाली आली नव्हती.

मग मी तुळशीपत्राने प्रोक्षण केले आणि तांब्या घेऊन चाकांवर पाणी सोडू लागलो. आमच्याकडे वाहनाच्या चाकांवर पाणी घालण्याची रीत आहे. दूरवर जाणाऱ्याचे पाय धुवावेत तशी. पुढची दोन झाली, मागची दोन झाली. तांब्यात पाणी उरले होते आणि मागे स्टेपनी दिसत होती. तेही चाकच. वेळ येईल तेव्हा तेच धावणार. पाचव्या चाकाला उपचारातून वगळणे मला अन्यायाचे वाटले. मी उरलेली धार त्याच्यावर धरली.

पुतणीची सूचना मी विसरलो होतो असे नाही. 'पाणी लावू नका' हे मला पूर्ण आठवत होते. पण माझ्या हातात पाणी होते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. माझ्या हातात तीर्थ होते. साठ-सत्तर वर्षे जे उदक मंत्राने सोडत आलो ते, आणि बादलीत असते ते पाणी, ही दोन माझ्या मनात कधी एक झाली नव्हती.

धार स्टेपनीवरून खाली पत्र्यावर आली आणि ओळ हलली. 'सावकाश' जागच्या जागी राहिले. 'जा' मात्र सुटले आणि आपल्यामागे 'सुखरूप'ला ओढत उजवीकडे खाली सरकले. संपूर्ण ओळ तिरकी होऊन थांबली.

माझ्या तोंडचा मंत्र थांबला. महिनाभराचे काम, आणि तेही पूजेत, माझ्या हातून. मी दर्भाची काडी उचलली आणि ओळ वर ढकलण्यासाठी वाकलो.

"दादा, हात लावू नका."

भाऊ पाटाशी येऊन बसला होता. पिशवी दाराशीच पडली होती. त्याने जीप किंचित फिरवून मागचा पत्रा आपल्या डोळ्यांसमोर आणला.

"अशीच हुती," तो म्हणाला.

"काय अशी होती?"

"ओळ. अशीच उतरती हुती."

मला कळेना. मी त्याला सांगितले की ती ओळ मी ओळंब्याने आखली होती, तिरकी असणे शक्य नाही. त्यावर तो हसू लागला. कितीतरी वर्षांत तो असा हसला नव्हता, डोळे पुसत, पाटाला धरून.

"वळंब्यानंच तर झालं, दादा. जीप अंगणात कलती उभी. उजवी चाकं वरच्या अंगाला, डावी खाली. तुमी ओळ जमिनीला सरळ लिव्हली. मी स्टँडवर सपाट रस्त्याला नेऊन लावली, तर ही अशी घाट उतरती."

मी त्या अंगणाचा उतार डोळ्यांपुढे आणला. मग दोरा. मग पत्र्याची ती कड, जी मला वाकलेली वाटली होती. पत्रा सरळ होता. मी आकाशातून सोडलेल्या ओळंब्याशी प्रामाणिक राहिलो आणि ज्या वस्तूवर लिहीत होतो तिच्याकडे पाहिलेच नाही. पुढे जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा जीप त्याच अंगणात, त्याच उतारावर आडवी असे, आणि तिथे ओळ अगदी सरळ दिसे. रस्त्याला लागलो की मी पुढच्या आसनावर.

"मग इतकी वर्षे सांगितले का नाहीस?" मी विचारले.

"काय सांगायचं? तुमी वळंबा लावून लिव्हलेलं. वळंब्याला खोटं कोण पाडनार?" तो पुन्हा हसला. "स्टँडवरची पोरं म्हनायची, भटाची जीप लई सोपी वळखायला. गाडी घाट चढती आन् ओळ घाट उतरती. एकदा रंगारी म्हनला, सरळ करून देतो. म्हनलं, कुंचला लावशील तर हात मोडीन."

पत्नी तोंडाला पदर लावून उभी होती. मी लाजलो का? थोडासा. पण त्या लाजेत अपमान नव्हता. महिनाभर हा माझ्यापुढे येऊन माझ्या सरळ ओळीची स्तुती करत होता. त्याला हवी होती वाकडी ओळ, आणि ती मागायची तर मला माझी चूक सांगावी लागली असती. दसऱ्याला देवळात निघून जाणे त्याने पत्करले, पण ते सांगणे पत्करले नाही. पाठशाळेत मी विनयावर पुष्कळ शिकलो आणि पुढे शिकवलेही. तो पाठशाळेतून पळून आला होता.

त्याने तबकातून पाकळ्यांचा हार उचलला. त्याची नजर बाजूला जात नाही, म्हणून त्याने बॉनेट हाताने चाचपले आणि हार दोन आरशांमध्ये नीट अडकवला. मग जीपला हात लावून तो हात कपाळाला लावला. मी राहिलेला मंत्र पुरा केला.

दुपारी पुतणी वार्निश घेऊन आली. आल्या आल्या तिने जीप पाहिली आणि तिचा चेहरा पडला. "काका, पाणी लावू नका म्हणाले होते ना? थांबा, अजून सुटी असेल, मी सरळ करते." आम्ही दोघे भाऊ एकदमच तिला नको म्हणालो. कारण ऐकल्यावर ती बापाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिली, आणि मग फवाऱ्याची डबी हलवू लागली. वाकडी ओळ वार्निशखाली कायमची बसली. आता तिला तीर्थाचेही भय नाही.

संध्याकाळी आपट्याची पाने वाटायला निघण्याआधी भावाने रिमोट हातात घेतला. जीप फाटकातून बाहेर काढताना त्याने तोंडानेच हॉर्न दिला, कारण हिला हॉर्न नाही. गल्लीतला रस्ता सिमेंटचा, सपाट आहे. हार घातलेल्या टेम्पोंच्या आणि मोटारसायकलींच्या मधून हातभर जीप चालू लागली, आणि तिच्यामागे तो. शेजारचा टेम्पोवाला म्हणाला, "काका, पॅसेंजर घेता का?" भाऊ म्हणाला, "फुल हाय गाडी."

मी त्याच्या मागे चाललो होतो. त्या जीपच्या पाठीमागून चालण्याची ही माझी पहिलीच वेळ. समोर माझेच अक्षर होते आणि सपाट रस्त्यावर ते खरोखर घाट उतरत होते.

त्याने मान न वळवताच मला हाक मारली. "दादा, मागं का चालताय? तुमची जागा पुढं हाय."

"आज मागेच बरे आहे," मी म्हणालो.

त्याने वेग थोडा कमी केला, मला ओळ नीट वाचता यावी इतका.